गिटार चकाकते, आणि महिन्याभरात लाकडाच्या रेघा परत वर येतात

तक्रार साधारण अशीच असते. बॉडी घासून गुळगुळीत केली, लाकडाची छिद्रं बुजवणारा फिलर भरला, पॉलिशचे आठ-दहा हात दिले, वॉटर पेपर मारला, कंपाउंडने घोटून आरसा केला. तारा चढवल्या. मग तीन-चार आठवड्यांनी खिडकीशी वाजवत बसलं की उजेड तिरपा पडतो आणि त्या आरशात बारीक रेघा दिसतात. लाकडाच्या रेघेबरोबर धावणाऱ्या, कोणी सुईने ओढल्यासारख्या. परत पेपर, परत दोन हात, परत कंपाउंड. महिन्याने त्याच रेघा, त्याच जागी.

माझ्या पहिल्या गिटारवर हे तीनदा झालं. महोगनीची बॉडी, मेपलची नेक (गिटारची मान), आणि फवारणीचं काहीच साधन नाही. फडकं, बोळा आणि बोटं एवढ्यावर सगळं काम. तिसऱ्या वेळी वैतागून पॉलिश लाकडापर्यंत खरवडून काढलं आणि पहिल्यापासून सुरुवात केली. त्यानंतर त्या रेघा आल्या नाहीत. मधल्या काळात काय चुकत होतं ते लिहिते, कारण मी जे करत होते तेच बहुतेक जण करतात: दोष वर दिसतो म्हणून उपायही वरूनच.

आधी नक्की काय दिसतंय ते बघा

खोलीतले दिवे बंद करा आणि एकच दिवा किंवा मोबाइलचा टॉर्च बॉडीच्या पातळीला, जवळजवळ आडवा धरा. वरून पडणाऱ्या उजेडात सगळंच छान दिसतं, त्याच्यावर विश्वास ठेवू नका.

लाकडाच्या रेघेत बसणाऱ्या तुटक, बारीक खाचा दिसल्या तर पॉलिश छिद्रांमध्ये खचलंय. हे लिखाण मुख्यतः त्याबद्दल आहे. भूगोलाच्या नकाशातल्या समोच्च रेषांसारख्या वळणदार कडा दिसल्या, आणि त्या घासल्यानंतरच उठल्या असतील, तर तुम्ही वरचा थर फोडून खालच्या थरात शिरलात. मधे बुडालेले आणि कडेने उठलेले गोल खड्डे म्हणजे सिलिकोन किंवा तेलाचा डाग. दुधाळ ढग म्हणजे ओलावा. स्क्रूच्या भोकाभोवती फुगवटा म्हणजे पाणी. हे सगळे वेगवेगळे आजार आहेत आणि सगळ्यांवर ‘अजून एक हात मारू’ हे एकच औषध चालत नाही. बऱ्याचदा त्यानेच आजार वाढतो.

रेघा परत का येतात

महोगनीचं एक छिद्र साधारण ०.१५ ते ०.२ मिलिमीटर रुंद असतं. फडक्याने पुसून लावलेला पॉलिशचा एक हात वाळल्यावर मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्श्याच्या आसपास उरतो. हे गणित एकदा मनात केलं की ‘दहा हात दिले की छिद्रं आपोआप भरतील’ हा समज गळून पडतो. छिद्रं भरल्यासारखी दिसतात ती ओल्या पॉलिशने. त्यातला थिनर किंवा स्पिरिट उडून गेलं की आतला माल आटतो.

आता खरी मेख. सपाट भागावर थर पातळ असतो आणि छिद्रावर जाड, कारण तिथे पॉलिश आत उतरलेलं असतं. जिथे थर जाड, तिथे आटणंही जास्त. तुम्ही आठव्या दिवशी सगळं एका पातळीत घासलंत, तेव्हा ते खरंच एका पातळीत होतं. पुढचे तीन आठवडे छिद्रावरचा भाग खाली जात राहिला. घासण्यात चूक नव्हती, दिवस चुकला होता.

मग आपण काय करतो? खाच दिसली म्हणून नवा हात देतो. लाख पॉलिश किंवा नायट्रोसेल्युलोज लॅकर (थिनरमध्ये विरघळणारं पॉलिश) असेल तर नव्या हातातलं स्पिरिट किंवा थिनर जुना थर विरघळवतं, त्याच्या आत मुरतं आणि छिद्रातला अर्धवट आटलेला माल परत फुगवतं. खाच गायब. आनंद. प्रत्यक्षात आटण्याचं घड्याळ शून्यावर आलेलं असतं आणि महिन्याने तीच खाच हजर होते. मी तीन महिन्यांत तीन वेळा घड्याळ शून्यावर आणलं होतं. काहीच न करता थांबले असते तर निदान आटणं तरी एकदाचं संपलं असतं.

पुसून लावायचं तेलाचं पॉलियुरेथेन किंवा तेल-वार्निश यांची गोष्ट थोडी निराळी. ते हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतात, आणि ऑक्सिजन वरून आत जातो. त्यामुळे वर कडक साय आणि छिद्राच्या तळाशी अजून मऊ, असं बरेच दिवस चालतं. नवा हात जुन्याला विरघळवत नाही, पण झाकण मात्र घालतो. खाली फिलर नीट वाळलेला नसेल तर तोही याच झाकणाखाली सावकाश आटत बसतो.

वाळणं वेगळं, घट्ट होणं वेगळं. बोट चिकटत नाही म्हणजे वाळलं, एवढंच. घट्ट झालं की नाही हे नखाने कळतं. व्हॉल्यूम-टोनच्या नियंत्रणांच्या कप्प्याच्या झाकणाखाली, जिथे पुढे कोणी बघणार नाही, तिथे नख दाबा. खूण उमटली आणि राहिली तर थांबा. लॅकर असेल तर नाकही वापरा. तोच कप्पा एक दिवस झाकून ठेवा, उघडा आणि हुंगा. थिनरचा वास येतोय म्हणजे थिनर अजून बाहेर येतोय, आणि जे बाहेर येतंय ते गेल्यावर थर तेवढा खचणारच. माझ्या बॉडीला सहाव्या आठवड्यातही पुसट वास होता. मी ती दुसऱ्या आठवड्यात घोटली होती.

लाकूड कोणतं आहे यावरही बरंच

मेपल, ॲल्डर, बासवूड, पॉपलर यांची छिद्रं इतकी बारीक की सीलरचे, म्हणजे लाकूड बंद करणाऱ्या पहिल्या थराचे, दोन हात पुरतात. महोगनी, ॲश, अक्रोड, शिसव, सागवान यांची छिद्रं उघडी, तिथे फिलर लागतोच. कारखान्यांनाही हा प्रश्न चुकलेला नाही. फेंडर या अमेरिकन कंपनीची स्ट्रॅटोकास्टर गिटार १९५४ मध्ये आली तेव्हा तिची बॉडी ॲशची असे, १९५६ च्या सुमारास बहुतेक रंगांसाठी ते ॲल्डरकडे वळले. ॲशला आधी छिद्रं भरावी लागतात, ॲल्डरला ती कटकट जवळपास नाही. तुम्ही पहिलीच गिटार बांधत असाल आणि आरशासारखं फिनिश हवं असेल, तर लाकूड निवडतानाच ही लढाई अर्धी जिंकता येते. मी निवडली महोगनी, कारण ती दिसायला देखणी. असो.

महोगनी घरी हाताने चकाकतच नाही असं मात्र कोणी सांगितलं तर ऐकू नका. ‘क्वीन’ बँडचा गिटारवादक ब्रायन मे याने वडिलांबरोबर १९६३ मध्ये घरी बांधायला घेतलेल्या ‘रेड स्पेशल’ गिटारच्या बॉडीवर महोगनीचाच पापुद्रा आहे, आणि त्यावर रस्टिन्स कंपनीचं घरगुती वापराचं प्लास्टिक कोटिंग आहे. दोन भाग मिसळून घट्ट होणारं. अशा फिनिशमध्ये बरंचसं काम रासायनिक क्रियेने होतं, नुसत्या उडून जाण्यावर ते अवलंबून नसतं, म्हणून ते आटतंही कमी.

आहे ती गिटार वाचवायची कशी

आधी काहीच करू नका. गिटार टांगून ठेवा, हवा खेळती राहील अशा जागी, पेटीत नको. लाख किंवा लॅकर असेल तर शेवटच्या हातापासून किमान एक महिना. हवा थंड किंवा दमट असेल तर जास्त. तेल-वार्निशलाही तेवढाच वेळ द्या. नखाची आणि नाकाची परीक्षा पास झाली की पुढे.

मग ८०० चा वॉटर पेपर (आकडा जितका मोठा तितका पेपर बारीक) कडक रबरी ठोकळ्याला गुंडाळून एकाच हातभर जागेत सावकाश मारा. हाताच्या पंजाखाली पेपर धरून कधीच नाही, बोटं खाचेत शिरतात आणि खाच तुमच्याबरोबर खाली येते. वीस-पंचवीस फेऱ्यांनी पुसून तिरप्या उजेडात बघा. घासलेला भाग मळकट दिसेल आणि खाचा त्यात चमकतील. पेपर तिथे पोचला नाही म्हणून त्या चमकतात. चमक कमी होत चालली असेल तर हा नुसता आटण्याचा प्रश्न होता आणि तुमच्याकडे थर पुरेसा आहे. सगळं एकसारखं मळकट होईपर्यंत घासा. त्यानंतर नवा हात अजिबात देऊ नका. सरळ १०००, १५००, २००० आणि कंपाउंड. हात द्यायचा मोह याच क्षणी होतो, मला तिन्ही वेळा झाला.

खाचा तशाच चमकत राहिल्या आणि थर मात्र पातळ होत चाललाय असं वाटलं, तर थांबा. तुरळक खाचा असतील तर त्या एकेक भरता येतात: पॉलिशचाच थेंब किंवा पातळ सुपरग्लू, टोकदार काडीने, पातळीच्या किंचित वर येईल इतका. घट्ट झाला की धारदार ब्लेडने खरवडून पातळीला आणायचा. ब्लेडच्या दोन्ही टोकांना चिकटपट्टी गुंडाळली की फक्त मधला थेंब कापला जातो, शेजारचं पॉलिश नाही. हे काम मला फार आवडतं, पण वीस खाचांपर्यंतच. अख्ख्या बॉडीवर हजारभर खाचा असतील तर खाली फिलर मुळात भरलेलाच नाही, आणि तिथे खरवडण्याला पर्याय नाही.

खरवडताना: लाख पॉलिश स्पिरिटने निघतं, लॅकर थिनरने, पॉलियुरेथेन स्क्रेपरने. बॉडीच्या कडेला प्लास्टिकची बाइंडिंग (सजावटीची पट्टी) असेल तर थिनर तिच्या आसपासही नेऊ नका. ती मऊ होऊन चिकट लगदा बनते आणि तो लगदा लाकडात शिरतो.

फिलर, या वेळी नीट

पहिल्या वेळी मी पाण्यात कालवलेला फिलर एकदाच फासला, तासाभराने घासला आणि वर पॉलिश चढवलं. पाण्याचा फिलर वाईट नसतो, पण त्यातलं पाणी जायला वेळ लागतो आणि जाताना तो आटतो. तो वापरायचा तर दोन किंवा तीन वेळा भरावा लागतो, दर वेळी मधे अख्खा दिवस सोडून. तेलाच्या फिलरला त्याहून जास्त दिवस लागतात.

शेवटी मी पातळ, दोन भाग मिसळून सावकाश घट्ट होणारं इपॉक्सी वापरलं. त्यात उडून जाण्यासारखं जवळपास काही नसतं, त्यामुळे ते आटत नाही. मुख्य फायदा एवढाच, आणि आमच्या तक्रारीला नेमका तोच हवा होता.

लाकूड १८० ने, मग २२० ने घासलं. मग ओल्या फडक्याने पुसून रेशे उठू दिले, वाळल्यावर ३२० ने अलगद कापले. बॉडीच्या शिंगांपाशी, जिथे लाकडाचं आडवं कापलेलं तोंड वर येतं, तिथे एक नंबर पुढे गेले. ते तोंड रंग आणि पॉलिश आधाशासारखं पितं आणि घासल्याचे ओरखडे तिथेच सगळ्यात ठळक दिसतात. दोन ठिकाणी अवजार आपटून पोचे पडले होते, त्यांवर ओलं फडकं ठेवून वरून गरम इस्त्री टेकवली. दबलेले रेशे वाफेने परत फुगतात. तुटलेले फुगत नाहीत, एवढा फरक लक्षात ठेवायचा.

मग मेण काढलेल्या लाखेचा एक पातळ हात. मेणासकट लाख वापरली तर वर पॉलियुरेथेन नीट धरत नाही. तो हात वाळल्यावर हातमोजे घालून इपॉक्सी थोडंच कालवलं, एका वेळी बॉडीची एकच बाजू पुरेल इतकं. जुनं प्लास्टिकचं कार्ड घेऊन लाकडाच्या रेघेला तिरकं, साधारण ४५ अंशांत ओढायला लागले. रेघेबरोबर ओढलं तर कार्डाची धार छिद्रात शिरून भरलेलं परत उपसून काढते. तिरकं ओढलं की इपॉक्सी आत दाबलं जातं आणि वरचं खरवडलं जातं. काम नीट होतंय हे आवाजावरून कळलं. आधी कार्ड लाकडावर खरखरत होतं, छिद्रं भरत गेली तसं ते गुमसुम सरकायला लागलं. तिरप्या उजेडात छिद्रांमधून बारीक बुडबुडे वर येताना दिसले. आतली हवा. दहा मिनिटं थांबून परत एकदा कार्ड फिरवलं.

दुसऱ्या दिवशी वर कधी कधी तेलकट बुरशीसारखा थर येतो. तो आधी साध्या पाण्याने पुसायचा, नाहीतर पेपर चिकटतो आणि वरचं पॉलिशही धरत नाही. मग ठोकळ्यावर ३२० चा पेपर, लाकूड नुकतं दिसायला लागेपर्यंत. परत तीच फेरी, दुसऱ्यांदा. दोन फेऱ्यांनंतर बॉडीवरून नख फिरवलं तर कुठेच अडलं नाही. वर परत लाखेचा एक पातळ हात, कारण काही वार्निशं थेट इपॉक्सीवर घट्ट व्हायला कुरकुर करतात. मधे लाख असली की कोणाचं कोणाशी भांडण होत नाही.

बॉडी कापताना उरलेल्या त्याच फळीच्या तुकड्यावर हे सगळं आधी करून बघा. आणि बॉडीबरोबर त्या तुकड्यालाही प्रत्येक हात द्या, त्याच दिवशी. मग नख दाबायला, घासून थर किती आहे ते बघायला, कंपाउंड पारखायला तोच तुकडा. माझ्याकडे पहिल्या तिन्ही वेळी तो नव्हता, मी बॉडीवरच प्रयोग करत होते.

समोच्च रेषा

हे पुसून लावायच्या पॉलियुरेथेनचं आणि बंदुकीच्या दस्त्याला लावतात त्या तेलाचं खास दुखणं. थर एकमेकांत विरघळत नाहीत, पापुद्र्यांसारखे एकावर एक बसतात. घासताना एक पापुद्रा कुठेतरी फाटला की त्याची कड नकाशासारखी दिसते आणि कितीही कंपाउंड लावा, जात नाही. उलट जास्त घासलं की दुसरी कड उठते.

उपाय दोन. पहिला: दोन हातांच्या मधे जी काही पातळी आणायची ती आणून घ्या, आणि शेवटचे दोन-तीन हात पातळी आणण्यासाठी नाहीत, नुसते चकाकीसाठी आहेत असं धरा. त्यांच्यावर १५०० च्या खालचा पेपर नेऊच नका. दुसरा: रेषा उठल्याच असतील तर सगळ्या बॉडीला ६०० ने एकसारखी मळकट करून एक भरपूर हात द्या, म्हणजे वरचा पापुद्रा अखंड होईल. लाख किंवा लॅकर वापरणाऱ्यांनी हा परिच्छेद सोडून द्यावा, त्यांचे सगळे हात विरघळून एकच थर होतो.

कडा आधी उघड्या पडतात

सगळी बॉडी छान, आणि कडेला एक केसाएवढी पांढुरकी रेघ: पॉलिश उडून लाकूड दिसायला लागलं. हे सगळ्यांचं होतं. ओलं पॉलिश धारदार कडेवरून दोन्ही बाजूंना ओढलं जातं, म्हणून तिथे थर मुळातच पातळ. आणि ठोकळा कडेवर गेला की हाताचा सगळा भार एका रेषेवर येतो. फेंडरच्याच टेलिकास्टर गिटारच्या कडेची गोलाई जेमतेम ३ मिलिमीटर, स्ट्रॅटोकास्टरची साधारण १२. त्यामुळे टेलीवाल्यांची रडगाणी जास्त.

प्रत्येक सपाट फेरीच्या आधी कडेला बारीक चिकटपट्टी लावा आणि ठोकळा पट्टीच्या अलीकडेच थांबवा. शेवटी पट्टी काढून नुसत्या बोटाने, १५०० च्या पेपरने, चार-पाच फेऱ्या. बस. लाकूड उघडं पडलंच तर घाबरू नका: तिथे पातळ ब्रशने रंग असेल तर रंग, मग पॉलिशचे चार-सहा छोटे हात, फक्त त्या रेघेवर, आणि परत तोच महिना. तो महिना चुकवता येत नाही हे लिहिताना मलाच हसू येतंय.

पाणी आणि भोकं

ही चूक मी एकदाच केली. वॉटर पेपर म्हणजे पाणी, असं समजून बॉडी धुवून घ्यावी तशी घासली. पट्टा अडकवायच्या बटणाचं भोक उघडंच होतं. संध्याकाळी सगळं ठीक. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या भोकाभोवती पॉलिश किंचित उचललेलं, आणि त्यातून बाहेर जाणाऱ्या तीन बारीक भेगा, चांदणीसारख्या. पाणी भोकात शिरलं, आडव्या तोंडाने ते प्यायलं, लाकूड फुगलं, आणि वरचा कडक थर फुगू शकला नाही.

आता मी पाण्याऐवजी मिनरल टर्पेंटाइन वापरते. त्याने लाकूड फुगत नाही आणि पेपरही सहसा भरत नाही. लाखेवरही चालतं, मात्र स्पिरिट नको, ते लाख विरघळवतं. खिडक्या उघड्या हव्यात आणि जवळ ज्योत नको. पाणीच वापरायचं असेल तर प्रत्येक भोकात मेण दाबून भरा, पिकअपच्या (तारांचं कंपन टिपणाऱ्या चुंबकी भागाच्या) आणि नियंत्रणांच्या कप्प्यांच्या कडेला आतून आधीच सीलरचा हात द्या, आणि पेपर नुसता ओलसर ठेवा. भोकांच्या तोंडाशी काउंटरसिंकने किंचित उतार दिला तर पुढे स्क्रू पिळताना पॉलिशचा टवका उडत नाही.

नेक बॉडीत बसते त्या खोबणीत, म्हणजे नेक पॉकेटमध्ये, मात्र पॉलिश चढवू नका, चिकटपट्टी लावून झाका. तिथल्या थराने नेक घट्ट होते, मग दाबून बसवली की कोपऱ्यातून भेग जाते.

चिकट राहतं, वाळतच नाही

चार कारणं, मला भेटलेल्या क्रमाने. लाख जुनी: स्पिरिटमध्ये विरघळवून ठेवलेली लाख काही महिन्यांनी आतल्या आत बदलत जाते आणि मग कधीच कडक होत नाही. काचेवर एक थेंब टाका, दुसऱ्या दिवशी नखाची खूण उमटली तर बाटली ओतून द्या. तेल जाड लावलं: तेलाचा हात लावून दहा-पंधरा मिनिटांनी वरचं सगळं पुसून घ्यायचं असतं, ठेवून द्यायचं नसतं. शिसव: तिच्यातली नैसर्गिक तेलं वार्निशला घट्ट होऊ देत नाहीत. तिथे आधी लाखेचा हात. फ्रेटबोर्ड (नेकवरची बोटं दाबायची पट्टी) शिसवाचा असेल तर त्याला थर देणारं पॉलिश लावूच नका, तो झाकून ठेवा. चौथं, थंडी.

नेकचा चिकटपणा बहुतेक वेळा चकाकीमुळे असतो, पॉलिश घट्ट न झाल्यामुळे नाही. घामेजलेला अंगठा आरशावर अडतो. पाठीवरची चकाकी करड्या घासणीच्या पॅडने लांबवर एकाच दिशेने मारून उतरवा, अडणं थांबतं. स्टील वूल वापरत असाल तर पिकअप आधी झाकून टाका. त्याचे लोखंडी तंतू चुंबकावर जाऊन बसतात आणि मग चिमट्याने वेचत बसावं लागतं.

डाग, ढग

गोल खड्डे पडले तर पुसून टाका, पॉलिश ओलं असतानाच. वर हात देऊन बुजत नाहीत. बॉडी नॅफ्थाने (तेलकटपणा काढणाऱ्या पेट्रोलसारख्या द्रावणाने) पुसा, फडकं बदलून परत पुसा, मग लाखेचा एक हात, तो सिलिकोनवर झाकण घालतो. फर्निचर चकाकवायच्या कुठल्याही फवाऱ्याला त्या खोलीत येऊ देऊ नका.

दुधाळ ढग दमट हवेत येतात. थिनर उडताना पृष्ठभाग गार पडतो आणि हवेतलं पाणी त्यावर धरतं. हवा कोरडी झाली की पातळ थिनरचा किंवा स्पिरिटचा अगदी हलका बोळा फिरवला तर बहुतेक वेळा ढग निघून जातो. जो आत कोंडलाय तो नाही निघत.

फडकी

तेलाने किंवा तेल-वार्निशने भिजलेलं फडकं चुरगळून डब्यात टाकू नका. तेल घट्ट होताना उष्णता बाहेर टाकतं, चुरगळ्यात ती कोंडते, आणि फडकं आपोआप पेट घेतं. बाहेर, एकेरी पसरून कडक होऊ द्या, किंवा पाण्यात बुडवून झाकणाच्या डब्यात ठेवा. या एका गोष्टीत ‘बघू नंतर’ चालत नाही.

रेघा अजूनही दिसतात का?

माझ्या त्या बॉडीवर, इपॉक्सीनंतर, सहा आठवडे थांबून एकदाच घोटल्यावर, आता रेघा नाहीत. हवा फार बदलली की आडव्या उजेडात अगदी पुसट काहीतरी दिसतं, कारण लाकूड फुगतं-आकसतं आणि फिलर नाही. जुन्या लॅकरच्या महोगनी गिटारवर तर या रेघा असतातच आणि लोक त्या कौतुकाने बघतात. ज्यांना हे सगळं नको त्यांनी छिद्रं उघडीच ठेवून तेलाचे तीन हात द्यावेत. दिसायला सुंदर आणि आटायला काहीच नाही.

एक राहिलं. लॅकरची गिटार रबरी किंवा मऊ प्लास्टिकच्या स्टँडवर ठेवू नका. त्यातलं प्लास्टिसायझर (प्लास्टिक मऊ ठेवणारं रसायन) लॅकरमध्ये उतरतं आणि टेकलेल्या जागी कायमचा मऊ डाग पडतो. माझ्या गिटारच्या बुडाशी तसे दोन आहेत, सहा आठवडे थांबून घोटल्यानंतरचे.